डोलकाठीत पाणी शिरतंय. भोक शोधायचं कसं आणि बुजवायचं कशानं?

उधाण | रविवार, रात्री ९.२०

मंडळी, नमस्कार. गेले दोन हंगाम मी एक जुनी १४ फुटी, दोन माणसांची शिडाची होडी चालवतोय. आज सकाळी मी आणि भाची मुद्दाम होडी उलटवून परत उभी करायचा सराव करत होतो. पहिल्या वेळी होडी आडवी झाली, मी सेंटरबोर्डावर, म्हणजे तळातून खाली जाणाऱ्या उभ्या फळीवर, चढलो आणि ती उभी राहिली. दुसऱ्या वेळी मात्र आडवी होऊन थांबलीच नाही. डोलकाठीचं टोक पाण्याखाली गेलं आणि अर्ध्या मिनिटात होडी पूर्ण पालथी, तळ आभाळाकडे. ती परत आडवी करायला वीसेक मिनिटं लागली, आणि आडव्या होडीची काठी पाण्यातून उचलायला जवळजवळ तेवढीच. भाची १३ वर्षांची आहे. घाबरली नाही, पण गारठून तिचे ओठ निळे पडले होते. ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

किनाऱ्यावर काठी उतरवली आणि एका टोकाने उचलली, तर आतून पाणी खळाळत दुसऱ्या टोकाला गेलं. सोबत बारीक धातूचे तुकडे खुळखुळल्याचा आवाज. पायाकडच्या बुचाचा स्क्रू काढल्यावर धार लागली. बादलीत मोजलं, ४.५ लिटर!

काठी ॲल्युमिनियमची, एकसंध, ६.२ मीटर. हॅलयार्ड (शीड वर ओढायची दोरी) बाहेरून जाते, आतून दोरी किंवा वायर काही नाही. दोन्ही टोकांना बुचं आहेत. मधे स्प्रेडरचा (काठीच्या आधाराच्या वायरी बाजूला धरणाऱ्या आडव्या दांड्यांचा) ब्रॅकेट, शिडांच्या दोऱ्या अडकवायचे क्लीट, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) अडकवायचा गूजनेक, सगळं रिव्हेटने बसवलेलं. बघून कुठेच भोक दिसत नाही. सुरुवात कुठून करू?

सुकाणू | रविवार, रात्री १०.०५

उधाण, भाची आता बरी आहे ना? पाण्यात ४० मिनिटं फार झाली. सरावाला सोबत दुसरी बोट हवीच, आणि पोर कुडकुडायला लागलं की सराव तिथेच थांबवायचा.

आता काठी. भोक शोधायच्या आधी आपली काठी कुठल्या जातीची ते ठरवायचं. एक जात बंद काठ्यांची. त्यांच्यात हवा कोंडलेली असते आणि होडी उलटली की ती हवा काठीला तरंगत ठेवते. दुसरी जात उघड्या काठ्यांची. त्यांच्या आतून हॅलयार्ड जातात, वर कप्पी, खाली दोरी बाहेर यायची खाच. त्यांच्यात पाणी येणारच. आलेलं पाणी पायातून लगेच निघून जावं अशीच त्यांची रचना असते. दोन्ही जाती आपापल्या जागी चांगल्या. घातक असते ती अर्धवट बंद काठी, जिच्यात पाणी शिरायला वाट आहे पण निघायला नाही. तुमची काठी वर्णनावरून मूळची बंद जातीची आहे आणि आता अर्धवट झाली आहे. तिला पुन्हा पूर्ण बंद करणं हेच काम.

खुळखुळणारे तुकडे म्हणजे जुन्या पॉप रिव्हेटच्या (मधला खिळा ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटच्या) खिळ्यांची डोकी असावीत. रिव्हेट ओढून खिळा तुटतो, त्याचं डोकं कधी ना कधी सुटून आत पडतं, आणि रिव्हेटच्या मधोमध आरपार भोक राहतं. संशयाचं पहिलं बोट तिकडेच.

मापटं | रविवार, रात्री ११.३०

मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि सुट्टीत होडी चालवतो, म्हणून ४.५ लिटर हा आकडा वाचून राहवलं नाही. तुमच्या काठीचा आतला छेद २५ चौरस सेंटिमीटर धरू, बाहेरचा २८. मग आत साधारण १५.५ लिटर जागा. पूर्ण बुडालेली बंद काठी १७ लिटरहून थोडं जास्त पाणी बाजूला सारते. कड्या-फिटिंगसकट काठीचं वजन ७ किलो धरलं तर १० किलोचा निव्वळ जोर तिला वर ढकलतो. तीच काठी पूर्ण भरली तर उलट ५ किलोच्या आसपास खाली ओढते. तुमची होडी पालथी का झाली याचं उत्तर मला या दोन आकड्यांत दिसतं.

आता काठी उचलताना. ४.५ लिटर पाणी टोकाकडे साचलं तर वरचं १.८ मीटर भरतं. त्याचा मध्य पायापासून ५.३ मीटरवर. ४.५ गुणिले ५.३, म्हणजे २४ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, काठी खाली वळवणारा जोर). ६५ किलोचा माणूस सेंटरबोर्डाच्या टोकाला, ९० सेंटिमीटरवर उभा राहिला तर त्याचा जोर साडेअठ्ठावन्न. तुमच्या जोरातला चाळीस टक्के हिस्सा त्या एका बादलीने खाल्ला.

खारवट | सोमवार, सकाळी ७.१५

मापटं, हिशेब चांगला, पण एक दुरुस्ती. काठी पाण्याखाली असेपर्यंत आतल्या पाण्याचं वजन जाणवत नाही. बाहेरही पाणी, आतही पाणी. तेव्हा नुकसान होतं ते फक्त तरंगण्याचं. वजन लागतं ते काठी पाण्याबाहेर निघू लागते त्या क्षणी. आणि टोक जरा वर गेलं की पाणी धावत पायाकडे येतं, मग भार झपाट्याने कमी होतो. म्हणून उलटलेली होडी उभी करताना सुरुवातीचा एक हात हलत नाही आणि नंतर एकदम सुटते. उधाण, तसंच झालं ना?

उधाण | सोमवार, सकाळी ७.४०

अगदी तसंच. बराच वेळ काही हलेना, आणि मग इतकी वेगात उभी झाली की दुसऱ्या बाजूला पडता पडता राहिली.

मापटं | सोमवार, सकाळी ८.१०

खारवट, बरोबर. माझे २४ किलो-मीटर फक्त त्या पहिल्या क्षणाचे. ते लिहायला हवं होतं.

आणखी एक, कारण सुईच्या टोकाएवढ्या भोकातून लिटरने पाणी कसं शिरतं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उन्हात पडलेली काठी ५० अंशांना तापली आणि २५ अंशांच्या पाण्यात बुडाली, तर आतली हवा आकसते. केल्विनमध्ये ३२३ वरून २९८, म्हणजे पावणेआठ टक्के. एवढा दाब कमी होणं म्हणजे ८० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ. काठी स्वतःच पाणी पिते, सव्वा लिटरपर्यंत. मग ती पुन्हा उन्हात तापते, हवा फुगून बाहेर जाते, पाणी आतच राहतं, आणि पुढच्या बुडीला आणखी थोडं पिते. अर्थात पुढच्या वेळी आत हवाच कमी असल्याने घोटही लहान होतो.

होडी पालथी झाली तर प्रकरण वेगळंच. टोक ६ मीटर खाली जातं, तिथे दाब दीडपटीहून जास्त. एकटं टोकालाच भोक असेल तर आतली हवा दबून दबून साडेचार लिटरच्या आसपास पाणी शिरू शकतं, तिथे ते थांबतं. पण पायाकडेही एक भोक असेल तर हवा तिथून निसटते आणि काठी पूर्ण भरते. म्हणून एक भोक सापडलं म्हणून थांबू नका.

लाटांगण | सोमवार, दुपारी १.२५

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, चालत नसेल तर नवा धागा काढते. आमची लहान केबिनची बोट आहे. काठी डेकमधून आरपार खाली जाऊन तळावर टेकते. पाऊस झाला की काठीलगतच्या बाकावरची गादी भिजते. दोन वेळा डेकवर काठीभोवती असलेल्या कॉलरला भरपूर सीलंट फासलं. उपयोग शून्य. धागा वाचून वाटलं, पाणी काठीच्या आतूनच येत असेल का? वरची भोकं बुजवू का?

सुकाणू | सोमवार, दुपारी २.००

ताई, इथेच लिहा. हा प्रश्न त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे. तुमची काठी उघड्या जातीची. वर कप्प्या, खाचा, वायरींची भोकं, तिथून पाऊस आत जाणारच, आणि ते सगळं बुजवणं शक्यही नाही, गरजेचंही नाही. ते पाणी काठीच्या पायाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकातून तळाच्या खोलगट जागेत उतरायला हवं, जिथून पंप ते काढतो.

तर आधी ओळखा पाणी कुठल्या वाटेने येतं. केबिनमध्ये, छताच्या लगेच खाली, काठीभोवती कोरडा टिश्यू पेपर घट्ट गुंडाळून टेपने बांधा. तसाच दुसरा पट्टा वायर बाहेर येते त्या भोकाखाली. मग कुणाला तरी बाहेरून नळीने पाणी सोडायला सांगा. आधी फक्त कॉलरवर दहा मिनिटं, मग काठीवर हळूहळू वरवर. क्रम खालून वर असाच ठेवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. वरचा पट्टा भिजला तर कॉलर दोषी. वायरीजवळचा भिजला तर काठी आतून भरतेय.

खारवट | सोमवार, रात्री ८.५०

आता उधाणच्या काठीकडे. मी बोटी दुरुस्त करतो, अशा काठ्या बऱ्याच हातांखालून गेल्या आहेत.

सगळ्यात जास्त गळतात टोकांची बुचं. ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक ऊन-पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, मधला सीलंटचा थर सोलला जातो. त्यानंतर रिव्हेट, विशेषतः ताण येणाऱ्या ठिकाणचे, म्हणजे स्प्रेडर आणि गूजनेक. तिथे फिटिंग किंचित हलत राहतं आणि भोक लांबट होतं. तिसरी जागा लोक विसरतात: पूर्वीच्या मालकाने जागा बदललेल्या फिटिंगची जुनी भोकं. वरून रंग किंवा टेप, आत उघडं.

शोधायला कॉम्प्रेसर लावू नका, हे हात जोडून सांगतो. साध्या कॉम्प्रेसरचा दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोचा दाब २५ चौरस सेंटिमीटरच्या बुचावर आला की १५० किलोचा धक्का होतो. बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. तोंडाने फुंकलेली हवा पुरते. पायाकडच्या स्क्रूच्या भोकात लहान नळी पक्की बसवा, एकाने फुंकत राहायचं, दुसऱ्याने भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावायचं. फेस वाढताना दिसला की भोक सापडलं.

वारेमाप | सोमवार, रात्री ९.३०

एवढी खटपट कशाला? फुगणाऱ्या फोमचा स्प्रे मिळतो. दोन्ही टोकांनी मारा, काठी भरली की पाण्याला जागाच नाही. माझ्या भावाने केलंय.

खारवट | सोमवार, रात्री ९.४५

नका करू. तो फोम बारीक पोकळ्यांचा असतो आणि वर्षं गेली की पाणी शोषतो. मग खारं पाणी स्पंजसारखं ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, वाळत नाही, आणि धातू आतून खायला लागतो. बाहेरून काही कळत नाही. शिवाय हवेतल्या ओलाव्यावर तो फोम घट्ट होतो. बंद नळीत मधला भाग कच्चा राहतो. अशी एक काठी मी कापून पाहिली आहे, स्प्रेडरजवळ भिंत कागदाइतकी उरली होती.

वारेमाप | सोमवार, रात्री ९.५५

हे माहीत नव्हतं. भावाची काठी या आठवड्यात वजन करून बघायला सांगतो. मग आतून दोरी जाणाऱ्या काठीला तरंगतं करायचं असेल तर काहीच करता येत नाही का? माझी तशी आहे.

सुकाणू | सोमवार, रात्री १०.२०

येतं. पाणी न शोषणाऱ्या पॉलिथिलीन फोमच्या लांब नळ्या मिळतात, पोहायला शिकणारी मुलं वापरतात त्या. काठीत सरकेल एवढी उभी चिरून, वरच्या अर्ध्या भागात भरायची. दोरीला जागा ठेवायची, आणि नळी खाली घसरू नये म्हणून खाली आडवा स्क्रू. काही जण बुच घट्ट लावलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या एकामागे एक सरकवतात, तेही चालतं. पण दोरी घासून बाटली फाटायची भीती असते, म्हणून मला फोमच बरा वाटतो. हे नको असेल तर काठीच्या टोकाला किंवा शिडाच्या वरच्या कोपऱ्यात बांधायचा हवेचा फुगा मिळतो. शिकाऊ होड्यांवर तो दिसतो. काहीही करा, पायातलं निचऱ्याचं भोक उघडं ठेवा.

लाटांगण | बुधवार, संध्याकाळी ६.१०

काका, सापडलं! कॉलरवर दहा मिनिटं पाणी सोडलं, वरचा पट्टा कोरडा. नळी वर कप्पीपर्यंत नेली, पाच मिनिटांत वायरीखालचा पट्टा चिंब. म्हणजे मी दोन वर्षं आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी करत होते.

मग काठीच्या पायाशी टॉर्च घेऊन झोपले. निचऱ्याचं भोक होतं, पण पांढऱ्या भुकटीने आणि कचऱ्याने गच्च बुजलेलं. वायरने टोकरलं, तर आधी काळं पाणी, मग स्वच्छ, बराच वेळ येत राहिलं. काठीत वायरीच्या भोकापर्यंत पाणी उभं होतं आणि प्रत्येक पावसात वरून भर पडली की तेवढंच गादीवर सांडत होतं. ती पांढरी भुकटी कसली?

खारवट | बुधवार, संध्याकाळी ७.००

ॲल्युमिनियमचा गंज. काठीचा पाय साचलेल्या खाऱ्या पाण्यात उभा राहिला की हे होतं, आणि पायाखालची प्लेट स्टेनलेस असेल तर जास्तच. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हटलं की बॅटरी झाली, त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पुढच्या वेळी काठी काढाल तेव्हा पायाचा खालचा हातभर भाग नखाने, मग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. मऊ लागला तर तो भाग कापून खाली ठोकळा द्यावा लागतो. कडक असेल तर घासून, गोड्या पाण्याने धुऊन, दोन धातूंच्या मधे ड्युरालॅकसारखी गंजरोधक पेस्ट लावून बसवा.

थंडीत पाणी गोठतं अशा ठिकाणी बोट ठेवणाऱ्यांनी तर हे भोक दर वर्षी तपासावं. बर्फ होताना पाणी नऊ टक्के फुगतं. भरलेली काठी उभी चिरलेली मी पाहिली आहे.

वायरीला केबिनमध्ये बाहेर येताना खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी पडेल, दिव्याच्या जोडात जाणार नाही.

उधाण | रविवार, संध्याकाळी ५.३०

आठवडाभर काम चाललं होतं, आज सविस्तर लिहितो.

गेल्या सोमवारीच काठी गोड्या पाण्याने आतून धुतली आणि पाय खाली करून दोन दिवस उभी ठेवली. मग अंधारात पायाचं बूच काढून आत टॉर्च सोडला आणि बाहेरून काठीवर नजर फिरवली. उजेड दोन ठिकाणी दिसला. गूजनेकच्या वर बोटभर अंतरावर दोन बारीक ठिपके, वरून त्याच रंगाचा टेप चिकटवलेला. खारवट म्हणाले तशी जुनी क्लीटची भोकं. वर्षभर त्या टेपवरून हात फिरवला आहे, कधी संशय आला नाही.

मग बूच परत बसवून फुंकायची चाचणी. भाचीने फुंकलं, मी साबण लावला. जुनी भोकं टेपने तात्पुरती बंद केली होती. स्प्रेडरच्या सहा रिव्हेटपैकी दोघांवर फेस आला, मधोमध. गूजनेक कोरडा, माझा सगळा संशय त्याच्यावर होता. वरच्या बुचाजवळ काहीच दिसेना. तरी मापटं यांचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी वेगळं केलं. पहाटे गारव्यात सगळी ज्ञात भोकं बंद करून काठी उन्हात ठेवली आणि दुपारी वरच्या बुचाभोवती साबण लावला. हवा तापून फुगली होती. बुचाच्या कडेला, खाचेच्या कोपऱ्यात, अगदी बारीक बुडबुडे ओळीने. फुंकण्याने जे दिसलं नाही ते उन्हाने दाखवलं!

वरचं बूच काढायला मात्र दमलो. रिव्हेट काढले तरी हलेना. हेअर ड्रायरने बराच वेळ गरम केलं आणि पायाकडून लांब लाकडी दांड्याने ठोकलं, तेव्हा सुटलं. आत जुनं सिलिकॉन, सालीसारखं निघून आलं. तुकडे पण सगळे बाहेर आले, अकरा रिव्हेटची डोकी.

आता भरायचं कशानं? माझ्याकडे बाथरूमचं सिलिकॉन पडलंय.

खारवट | रविवार, संध्याकाळी ६.१५

छान काम केलंत. ते सिलिकॉन बाथरूमलाच राहू दे. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि ते ॲल्युमिनियमला चांगलं नाही. शिवाय सिलिकॉनचा अदृश्य थर मागे राहतो आणि त्यावर पुढे काहीच धरत नाही. तुमचं जुनं सालीसारखं निघालं, आता नवीन धरायचं असेल तर ती जागा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, मग ॲसिटोनने पुसा, फडकं प्रत्येक वेळी नवं.

बुचांना बोटींसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट, सिकाफ्लेक्स २९१ किंवा त्याच्या तोडीचं. कायमचं चिकटणारं जहाल सीलंट घेऊ नका, ते बूच पुन्हा काढावं लागणारच आहे. बुचावर आणि नळीच्या आतल्या कडेला, दोन्हीकडे लावा, फिरवत आत घाला, बाहेर आलेलं बोटाने पुसून गोलाई द्या.

रिव्हेट: ज्यांवर ताण नाही तिथे बंद टोकाचे वापरा. त्यांचं मागचं टोक टोपीसारखं बंद असतं, पाणी आरपार जाऊच शकत नाही. स्प्रेडरला मात्र ताकद हवी, तिथे मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) घाला. ४.८ मिलिमीटरचे असतील तर साध्या हातातल्या गनने ओढताना मनगट जातं, लांब दांड्यांची घ्या. रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून बसवायचा, ब्रॅकेटखाली ड्युरालॅक, आणि शेवटी रिव्हेटच्या मधल्या भोकात सीलंटचा थेंब काडीने दाबून भरायचा. सहाच्या सहा बदला. दोन गळतायत म्हणजे बाकीचे चार त्याच वयाचे आहेत.

जुनी दोन भोकं बंद टोकाच्या रिव्हेटनेच बुजवा. गूजनेकजवळ काठीवर वाकण्याचा ताण मोठा असतो, म्हणून भोकाच्या कडेला केसासारखी चीर नाही ना, ते भिंगाने बघून घ्या.

आणि आठवडाभर थांबा. पॉलियुरेथेन वरून एका दिवसात सुकलेलं वाटतं, आतून वेळ घेतं.

मापटं | रविवार, रात्री ८.४०

उन्हाची चाचणी वाचून फार आनंद झाला. तोंडाने फुंकून ५० सेंटिमीटर पाण्याएवढा दाब जेमतेम टिकतो, तोही श्वास घेताना पडतो. पहाटेच्या २० वरून दुपारी ५० अंश झाले तर १ मीटरहून जास्त, आणि तो तासन्‌तास टिकतो. बारीक भोकांना हा वेळच लागतो.

लाटांगण | गुरुवार, सकाळी १०.००

दोन रात्री जोराचा पाऊस झाला. गादी कोरडी. काठीचा पाय कडक आहे, दाबून पाहिला. तळाचा पंप आता जास्त वेळा चालतो, ते बरोबरच आहे ना?

सुकाणू | गुरुवार, सकाळी १०.३०

हो ताई, ते तेच पाणी. आता योग्य वाटेने जातंय. त्या भोकातून महिन्यातून एकदा वायर फिरवत जा.

उधाण | रविवार, दुपारी १२.५०

चीर नव्हती. सहा मोनेल, दोन बंद टोकाचे, दोन्ही बुचं नव्याने. आठ दिवस थांबलो. काल पुन्हा उन्हाची चाचणी, तीन तासांत कुठेही बुडबुडा नाही.

आज सकाळी पाण्यात उतरलो, या वेळी सोबत दुसरी बोट होती. होडी उलटवली, आडवी झाली, काठी पाण्यावर पडली आणि तिथेच राहिली. टोक खाली जाईना. मी मुद्दाम काठीच्या मध्यावर हाताने दाबून पाहिलं, सोडलं की वर. मग भाची म्हणाली, मी करते. तिचं वजन ४२ किलो. सेंटरबोर्डाच्या टोकाला उभी राहिली, जिबची (पुढच्या लहान शिडाची) दोरी धरून मागे रेलली, आणि होडी सावकाश उभी राहिली. एकटीने. तिने लागोपाठ तीन वेळा केलं.

किनाऱ्यावर काठी उतरवून हलवली, आवाज नाही. वजन आधीइतकंच. पण मग सवयीने बूम उचलली, तर तिच्यात खळखळ! तिलाही हेच सगळं करू का?

खारवट | रविवार, दुपारी १.१५

बूमला नको. उलटल्यावर होडी सावरण्यात तिचा वाटा नगण्य, आणि आतून आउटहॉलची (शिडाचा खालचा मागचा कोपरा ताणायची) दोरी जात असेल तर ती बंद होणारही नाही. दोन्ही टोकांजवळ, खालच्या बाजूला ५ मिलिमीटरचं एकेक भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा. घरी आणल्यावर गोडं पाणी आतून फिरवा. भाचीला माझ्याकडून शाबासकी सांगा.